खुराड्याला एकतीस हजार

कोंबड्यांच्या खुराड्याला एकतीस हजार रुपये लागले, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘कोंबड्या किती?’ बावीस म्हटलं की परत हसतात. एका कोंबडीमागे चौदाशे रुपये. तेवढ्यात दोन गावरान कोंबड्या येतात आणि वर मसाल्याचे पैसे उरतात, हा हिशेब आमच्या यांनी लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर करून दाखवलेला आहे.

आमची वस्ती गोदाकाठी, सायखेड्याच्या अलीकडे. गावठाणापासून दीड किलोमीटर आत मळ्यात तीन घरं, मधे खळं, एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला कांदा आणि मागे थेट ओढ्यापर्यंत तात्यांचा ऊस. निफाड तालुक्यातल्या माणसाला उसाचं नाव काढल्यावरच पुढची गोष्ट कळली असेल. वर्षभर कुणी आत शिरत नाही, पाणी आहे, सावली आहे आणि वस्तीवरची कुत्री हाकेच्या अंतरावर. बिबट्याला आणखी काय पाहिजे? इथले कित्येक बिबटे उसातच जन्मले. सह्याद्रीचं रान त्यांनी पाहिलेलंही नसेल.

कोंबड्या माझ्या. म्हणजे घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी सगळ्यांच्या, पण अंड्यांचे पैसे माझे, हे सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं आहे. द्राक्षाचा व्यापारी बुडवून गेला, कांदा मातीमोल गेला, तरी अंड्यांवर माझी भिशी चालते. पस्तीस कोंबड्या होत्या. थोड्या गिरिराज, बाकी गावरान. खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं, गोठ्याच्या मागे उसाच्या बांधाला लागून. खाली तीन थर विटा, वर बांबू, बांबूवर बारीक षटकोनी जाळी आणि डोक्यावर पत्रा. पत्र्यावर दगड. मुंगूस आणि कावळा एवढ्यांसाठी ते पुरेसं होतं आणि पंचवीस वर्षं पुरलंही.

पहिल्यांदा दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, गेल्या, तेव्हा मी तात्यांच्या कुत्र्यावर संशय घेतला. बांधावर पिसं पडलेली, कुत्रं तिथेच लोळत पडलेलं, मग आणखी पुरावा कशाला? तात्यांच्या मालकिणीला मी दोन शब्द बोलले, तिने मला चार ऐकवले. दोन आठवड्यांनी ते कुत्रंच गेलं. साखळी खुंटीला तशीच आणि पट्टा तुटून पडलेला. त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण ‘माझं चुकलं’ हे मी काही तोंडाने म्हटलं नाही. अर्धा किलो शेंगदाणे नेऊन दिले.

आता मला खुणा ओळखता येतात, तेव्हा येत नव्हत्या. मुंगूस मानेला धरतं आणि बरेचदा कोंबडी तिथेच टाकून जातं. कुत्री घुसली तर सगळा पसारा, दहा मारतील आणि एक खातील. रानमांजर एकच उचलतं, तेही गुपचूप. बिबट्याचा माग बघायचा तर भिजवलेल्या वाफ्यात बघायचा. कुत्र्याच्या पावलापुढे नखांचे टोकदार ठसे उठतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, म्हणून चार बोटं गोल दिसतात आणि पुढे काहीच नाही. आमच्या कांद्याच्या वाफ्यात तो ठसा आठ दिवस होता आणि आम्ही त्यावरून ये-जा करत होतो.

डिसेंबरात तात्यांच्या उसाला तोड आली. टोळीने तीन दिवसांत निम्मा फड मोकळा केला. निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेल, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी पेपरात येतो. तसल्या थंडीत रात्री अडीचच्या सुमाराला पत्र्यावरचा दगड पडल्याचा आवाज आला. मग कोंबड्यांचा कल्ला. हे उठून बॅटरी घेऊन दाराकडे निघाले, सासूबाईंनी अंथरुणातूनच ओरडून त्यांना थांबवलं. 2020 मध्ये दारणा नदीकाठच्या गावांत माणसांवर हल्ले झाले, तेव्हापासून अंधारात आवाज आला तर दार उघडायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. आम्ही आतून डबे वाजवले. पाच-सात मिनिटांत सगळं शांत झालं, आणि ती शांतता कल्ल्यापेक्षा वाईट होती.

सकाळी मोजल्या. दोन गायब, पाच मारून टाकलेल्या, चार कोपऱ्यात एकमेकींखाली चेंगरून मेलेल्या. अंगावर ओरखडा नाही, नुसत्या गुदमरून. याची मला कल्पनाच नव्हती. जनावर जेवढ्या मारतं त्याच्या निम्म्या भीती मारते. षटकोनी जाळी बांबूपासून फाटली नव्हती, सोलली गेली होती. खिळे जागच्या जागी आणि जाळी केळीच्या सालीसारखी खाली लोंबत होती.

आम्ही 1926 ला, वनखात्याच्या मदत क्रमांकाला, फोन केला. दहा वाजता वनरक्षक आला, मुलगा तिशीचाही नसेल. त्याने ठसे मापले, फोटो काढले आणि म्हणाला, “काकू, मादी दिसतेय. फडात पिलं असणार, नीट बघायला सांगा टोळीला.” दुसऱ्याच दिवशी पाचटात दोन बछडी सापडली. तोड थांबली. वनखात्याच्या लोकांनी हातमोजे घालून ती क्रेटमध्ये ठेवली, क्रेट सापडल्या जागेवरच ठेवला, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. रात्री साडेनऊच्या आत आईने दोन्ही नेली. गावातली पोरं बछड्यांसोबत फोटो काढायला धडपडत होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आधी खुडूक कोंबडीखालचं अंडं काढून दाखवा, मग तिच्या पिलांना हात लावा.”

पिंजरा लावा, या अर्जावर मीही सही केली. आता लपवत नाही. अकरा कोंबड्या गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? वनरक्षकाने अर्ज घेतला, पण जाताना ओट्यावर बसून चहा पीत त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायचं तरी वरून परवानगी लागते, आणि कुणी फास लावला किंवा विष घातलं तर तीन ते सात वर्षांची कैद. ते एक झालं. पण समजा ही मादी नेली, तर ऊस इथेच राहणार आणि कुत्री इथेच राहणार. मोकळी जागा दुसरा बिबट्या धरणार. तो नवखा, त्याला तुमच्या वाटा माहीत नाहीत, तुमच्या वेळा माहीत नाहीत. वीस वर्षांपूर्वी जुन्नर भागात बिबटे धरून लांब नेऊन सोडले, तर हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले होते. “हिला तुमची सवय आहे, काकू,” तो म्हणाला. मला ते वाक्य त्या दिवशी अजिबात आवडलं नाही.

मग त्याने विचारलं, “मेलेल्या कोंबड्या कुठे टाकता?”

मी ओढ्याकडे बोट केलं. त्यात वाईट काही आहे असं मला तोपर्यंत वाटलंही नव्हतं. मानमोडीची साथ आली, पिलू मेलं, सापाने धरली, की फेकली ओढ्यात. आम्ही एकटे नव्हतो. वरच्या अंगाला एक पोल्ट्री आहे. तिथली मर, म्हणजे मेलेल्या कोंबड्या, गोण्या भरून त्याच ओढ्यात येते. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठा तपासल्या, त्यात शेळ्या-मेंढ्यांपेक्षा कुत्रीच जास्त निघाली, हे त्या मुलानेच सांगितलं. म्हणजे मी उसाच्या बांधाला खुराडं ठेवलेलं, ओढ्यात आमंत्रण टाकलेलं आणि मधे खिळ्याने ठोकलेली जाळी.

आम्ही चुना टाकून खड्डा सुरू केला. पोल्ट्रीवाल्याकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा त्याने ऐकलंच नाही, दुसऱ्यांदा सरपंचांना सोबत नेलं तेव्हा खड्डा घेतला. अजूनही सणासुदीला मजूर सुट्टीवर गेले की ओढ्यात एखादी गोणी दिसते. मी फोटो काढते आणि त्याला पाठवते, तो हात जोडलेलं चित्र पाठवतो.

आता एक अस्वलाची गोष्ट. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, डोंगराच्या पायथ्याशी. त्याने सहा कोंबड्या पाळल्यात. आमच्याकडची बातमी ऐकून त्याने फोन केला. “मावशी, आमच्याकडे अस्वल येतं.” आपल्याकडे अस्वल म्हटलं की मेळघाट, ताडोबा, आणि तेही वारुळं उकरणारं, मोहाची फुलं वेचणारं. तिकडचं काळं अस्वल वेगळं. थंडी ते झोपून काढतं, म्हणून त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातं, आणि कोंबड्यांच्या खाद्याचा वास त्याला फार लांबून येतो. भाच्याच्या लाकडी खुराड्याचं दारच अस्वलाने उपटून काढलं होतं. आधी खाद्याचा डबा संपवला, मग कोंबड्यांकडे वळलं. भाच्याने आता भोवती विजेची तार ओढली आहे, पाच हजार व्होल्टच्या पुढची, पण क्षणभराच्या ठोक्यांची. अस्वल आलं की आधी नाकाने चौकशी करतं. ओलं नाक तारेला लागलं की परत त्या बाजूला फिरकत नाही म्हणे.

यांना ते एकदम पटलं. आमच्याकडे मक्यासाठी घेतलेलं सोलर झटका मशीन पडून होतंच. (एका ओळखीच्याने मेन लाइनवरून सरळ तार टाकायचा सल्ला दिला होता. त्याला मी ओट्यावरूनच परत पाठवला. तो गुन्हा आहेच, पण त्याआधी तो आपल्याच पोराचा किंवा गाईचा जीव आहे.) महिनाभर झटका लावला. अनुभव असा. गवत वाढलं की तारेला टेकतं आणि झटका गवतातून मातीत जातो, म्हणजे दर चार दिवसांनी खुरपणी. जमीन फुफाट्यासारखी कोरडी झाली की अर्थिंगच मिळत नाही, सळईभोवती रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं. आमच्या वासराला दोनदा बसला, मला एकदा, सासूबाईंना नाही कारण त्या तिकडे गेल्याच नाहीत. आणि मुख्य म्हणजे बिबट्या नाकाने चौकशी करत नाही. तो लांब बसून बघतो आणि उडी मारतो. गुडघ्याएवढ्या तीन तारा त्याच्या काय कामाच्या? अस्वल जमिनीवरून येतं, हा वरून येतो.

पण भाच्याचं एक बोलणं उपयोगाचं ठरलं. तो म्हणाला, “मावशी, जनावर जाळी तोडत नाही, जिथे जाळी चौकटीला लावलीय तिथून ती उचकटतं.” माझ्या डोळ्यांसमोर ती केळीची साल आली. जाळी किती जाड, याच्या आधी ती धरली कशाने, हे बघायला हवं होतं.

जागा बदलली. बांध सोडला, गोठ्याची मागची भिंत सोडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, घराच्या भिंतीला धरून चौथरा घेतला. आठ बाय सहा फूट, दोन फूट उंच, वर काँक्रीट. खाली काँक्रीट असल्यामुळे घूस आणि मुंगूस यांचा विषय मिटला, नाहीतर जाळी दीड फूट जमिनीत गाडावी लागली असती. जागा निवडताना चूक एकच झाली, शेवग्याची एक फांदी वरून येत होती. ती छाटली. झाड मात्र ठेवलं, शेवग्याच्या शेंगांवर कोण पाणी सोडणार?

मिस्तरी सायखेड्याचा. बहुतेक कांदाचाळी आणि शटरची कामं करणारा. त्याला मी सांगितलं, खुराडं करायचं आहे. तो म्हणाला, “वहिनी, खुराड्याला पस्तीस एमएमचा अँगल कशाला? पंचवीसचा लावू, निम्म्यात होईल.” मी त्याला जुनं खुराडं दाखवलं. तो बराच वेळ त्या लोंबणाऱ्या जाळीकडे बघत राहिला, मग पस्तीसचाच अँगल आणला.

जाळी दहा गेजची वेल्डमेश घेतली, दोन इंची चौकड्याची. गेजचं गणित उलटं असतं, आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड. दुकानदाराने बारा गेजची दहा म्हणून खपवायचा प्रयत्न केला, मिस्तरीने खिशातून माप काढलं तेव्हा गप्प बसला. मिस्तरी जाळी अँगलला जागोजागी वेल्डिंगचे टिपके देऊन बसवणार होता. मी नको म्हटलं. जाळीवरून लोखंडी पट्टी फिरवून, जाळी पट्टी आणि अँगल यांच्यामध्ये चिमटीत धरून, दर नऊ इंचांवर नट-बोल्ट. या एका हट्टाने खर्च साडेतीन हजारांनी वाढला आणि दोन दिवस जास्त लागले. नट आतल्या बाजूला. खालच्या दोन फुटांना आतून आणखी अर्धा इंची बारीक जाळी, कारण मुंगसाचं पिल्लू दोन इंचांतून हसत हसत जातं.

मग पंजा. दोन इंची चौकोनातून बिबट्याचा पंजा पूर्ण जात नाही, पण नखं जातात. जाळीला टेकून झोपलेली कोंबडी नखाला लागली तर तो तिला तुकड्यातुकड्याने बाहेर काढतो. वनरक्षकाने एका वस्तीवर हे पाहिलेलं होतं. म्हणून खालचा भाग बाहेरून पत्र्याने झाकला आणि बसायच्या दांड्या मधोमध, चारी जाळ्यांपासून दोन फूट आत ठेवल्या. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर. खालीवर ठेवल्या तर वरच्या दांडीसाठी रोज मारामारी होते आणि हरलेली कोंबडी जाऊन जाळीलाच टेकते.

छताला नुसता पत्रा नाही. आधी जाळी, तिच्यावर पत्रा, इंग्रजी ‘J’च्या आकाराच्या हुकांनी आवळलेला. बिबट्याचं वजन पत्र्यावर पडलं तर पत्रा वाकेल, पण खाली जाळी आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे बाहेरून कुणी रेटलं तर ते चौकटीवरच बसतं. दाराला वर एक कडी, खाली एक कडी. मधल्या एका कडीवर दार धरलं तर वरचा कोपरा चार बोटं सहज वाकतो, हे मिस्तरीनेच दाखवलं, हाताने ओढून.

खाली अंथरायला घोटीच्या गिरणीतून भाताचं तूस आणलं. थंडीत उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे. लाल लुकलुकणारे दिवेही कुणी तरी भेट दिले होते, बिबट्या बिचकतो म्हणून. आठ दिवसांत कोंबड्यांना सवय झाली, मग बिबट्याला होणार नाही कशावरून? आता ते गणपतीत लावतो.

एवढं सगळं करून एप्रिलमध्ये तीन कोंबड्या गेल्या.

नणंदेच्या मुलीची हळद होती सिन्नरला. आम्ही दोघं दुपारीच निघालो. कोंबड्या डालायचं काम सासूबाईंकडे होतं. त्यांनी दिवेलागणीला सगळ्या आत घेतल्या, दार लावलं, खालची कडी लावली. वरची लावली नाही, कारण त्यांचा हात पुरत नाही. त्या कमरेत वाकल्यात. ही गोष्ट घरात सगळ्यांना रोज दिसते आणि कडी साडेपाच फुटांवर बसवताना माझ्यासकट एकालाही आठवली नाही. रात्री दाराचा वरचा कोपरा ओढला गेला, फट पडली, पंजा आत आला आणि घाबरून उडालेल्या कोंबड्या नेमक्या फटीकडेच आल्या. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मला स्टूल घ्यायला पाहिजे होतं.” मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

मिस्तरी परत आला. त्याने दाराला उभा दांडा बसवला, शटरला असतो तसा. कमरेच्या उंचीवरची मूठ खाली ओढली की वरची आणि खालची कडी एकदम बसतात. सातशे रुपये. एकतीस हजारांतला तेवढाच खर्च यांनी तक्रार न करता दिला.

त्यानंतर वेळेचं ठरवून घेतलं. कोंबडीला अंधारात दिसत नाही, उजेड कमी झाला की ती आपणहून आत येते. पण बिबट्याही त्याच वेळेला उठतो. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो, मे-जूनमध्ये सात होतात. आमच्याकडे घड्याळाची वेळ नाही, कातरवेळ ही वेळ. गाईचं दूध काढायच्या आधी कोंबड्या आत. कुणाच्या लग्नाला जायचं असेल तर दुपारी चारलाच मक्याचा भरडा टाकून आत घ्यायच्या आणि डालूनच निघायचं. रात्रीची लाइट असली की हे मोटार चालू करायला जातात, तेव्हा तोंडाने गाणं म्हणत जातात. गाणं कसलं, आरडाओरडाच, पण तो हवा असतो. आपण येतोय हे त्याला कळलं पाहिजे.

आषाढात तो आला. पाऊस बारीक लागून होता. रात्री दीडला पत्र्यावर धप्प झालं. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, काच बंदच ठेवून. बॅटरीच्या उजेडात छतावर तो, किंवा ती, बसलेली. डोळे क्षणभर चमकले. मग पुढच्या पायाने पत्र्याची कड चाचपली, उतरून दाराशी गेली, मागच्या दोन पायांवर उभी राहून जाळीला पंजे लावले आणि ओढली. अँगल करकरला. मी मनातल्या मनात बोल्ट मोजत होते, दर नऊ इंचांवर एक. कोंबड्यांचा आवाज एकदाही आला नाही, त्या दांड्यांवर चिकटून बसलेल्या. वीस मिनिटं असं चाललं. तिने एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं, घाईने नाही, आणि शेवग्याच्या अंगाने ओढ्याकडे निघून गेली.

सकाळी पत्र्यावर ओल्या मातीचे ठसे होते आणि कडेला चार ओरखडे, रंग खरवडून लोखंड दिसेपर्यंत. दोन बोल्ट ढिले झाले होते, जाळी जागेवर. कोंबड्या एकूण एक. फक्त दहा दिवस एकीनेही अंडं घातलं नाही, भिशीचा हप्ता यांच्याकडून घ्यावा लागला. तो मी अजून परत केलेला नाही.

वाघबारशीला सासूबाईंनी वाघोबाला नारळ फोडला. आमच्या घराण्यात ही रीत नाही, ती पेठ-सुरगाण्याकडची. त्या म्हणाल्या, टोळीतल्या बायका सांगत होत्या. खोबऱ्याचा एक तुकडा त्यांनी खुराड्याच्या छतावर ठेवला, तो दुपारी कावळ्याने नेला.

ओरखड्यांवर मी रंग मारलेला नाही. बोल्ट दर महिन्याला, अमावास्येच्या आसपास, पाना घेऊन आवळते. नवीन पिलं धरून आता चोवीस झाल्यात. रोज संध्याकाळी मोजते तेव्हा तेवीस भरतात. चोविसावी कवडी, ठिपक्याठिपक्यांची गावरान कोंबडी. तिला हे एकतीस हजारांचं घर पसंत नाही. ती शेवग्यावर चढून बसते. मग मी लांब काठी आणते, सासूबाई खालून पदर पसरतात आणि आम्ही दोघी तिला शिव्या देत खाली उतरवतो, मागे ऊस काळा पडत असताना.